पाच दिवसांचा राजा

राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. हे वाक्य नजरेखालून सहज निघून जाते, पण मध्ययुगीन युरोपात ते इतक्या सरळपणे क्वचितच खरे ठरे. इंग्लंडमध्ये १०६६, ११००, ११३५ आणि ११९९ अशा चार वेळा गादीवरून भांडणे झाली. त्यातले ११३५चे भांडण तर जवळजवळ दोन दशके देश जाळत राहिले. जर्मनीत राजा निवडला जाई, त्यामुळे दर पिढीला नवी ओढाताण ठरलेलीच. फ्रान्समध्ये मात्र ९८७ ते १३१६ या ३२९ वर्षांत एकामागून एक बारा राजे झाले आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा मुलगाच गादीवर आला. इतिहासकार याला ‘कापेशियन चमत्कार’ म्हणतात. त्या काळात निम्मी मुले हातची जात. बापानंतर एक तरी मुलगा जिवंत उरणे, तेही लागोपाठ इतक्या पिढ्या, हे नशीबच म्हणायचे.

या नशिबाने फ्रान्सला स्थैर्य दिले, पण एक प्रश्नही लांबणीवर टाकला. राजाला मुलगा नसेल तर पुढे काय? मुलगी चालेल का? मुलीचा मुलगा? की भाऊ? तीन शतके कोणाला विचारावेच लागले नाही, म्हणून कोणी ठरवलेही नाही. १३१६ साली विचारावे लागले तेव्हा उत्तर घाईत तयार झाले. ज्याने ते तयार केले त्याचा त्यात उघड फायदा होता.

घराण्याची सुरुवातही एका अपघातानेच झाली. मे ९८७ मध्ये शार्लमेनच्या वंशातला तरुण राजा पाचवा लुई शिकारीत पडून मेला. त्याला मूल नव्हते. चुलता होता, लोअर लोरेनचा शार्ल, आणि रक्ताच्या नात्याने हक्क त्याचाच. पण रँसचा आर्चबिशप आदाल्बेरों त्याच्या विरोधात होता. सांलीस येथे जमलेल्या सरदारांपुढे आदाल्बेरोंने मांडलेला मुद्दा रिशेर या समकालीन बखरकाराने नोंदवला आहे: राज्य केवळ जन्माने मिळत नाही, लायकीने मिळते, आणि हा शार्ल तर परक्या राजाची चाकरी करणारा, आपल्या तोलाची नसलेली बायको केलेला. सरदारांनी ह्यू कापेला निवडले. ह्यू काही रस्त्यावरचा नव्हता. त्याचे आजोबा आणि आजोबांचे थोरले भाऊ हे दोघेही फ्रान्सचे राजे होऊन गेले होते. पण त्याच्या प्रत्यक्ष ताब्यातला मुलूख पॅरिस आणि ओर्लेआंच्या आसपासचा, बेताचाच. नॉर्मंडी, फ्लँडर्स, अ‍ॅक्वितेन इथले सरदार त्याला राजा म्हणत आणि आपल्या घरी आपल्या मनासारखे वागत.

गंमत अशी, की जन्मापेक्षा लायकी मोठी या तत्त्वावर निवडून आलेल्या ह्यूने पहिले काम कोणते केले, तर आपल्या मुलाची सोय लावली. बार्सेलोनाच्या काउंटने मुसलमान सैन्याविरुद्ध मदत मागितली होती. मी मोहिमेवर जाणार, तिथे माझे बरेवाईट झाले तर राज्य पोरके होईल, म्हणून माझ्या मुलालाही आत्ताच अभिषेक करा, असा आग्रह ह्यूने धरला. एका वर्षात दोन राजे करणे बरे नव्हे, असे आदाल्बेरोंने सुचवून पाहिले, पण शेवटी तो वाकला. त्याच वर्षीच्या नाताळात ओर्लेआं येथे या मुलाचा, रॉबेरचा, अभिषेक झाला. बार्सेलोनाची मोहीम कधीच निघाली नाही.

ही युक्ती पुढे घराण्याची रीत झाली. बाप जिवंत असतानाच मुलाच्या डोक्यावर पवित्र तेल घालायचे, म्हणजे बाप गेल्यावर निवडणुकीचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या रॉबेरने १०१७ मध्ये थोरल्या मुलाला अभिषेक करवला. तो मुलगा १०२५ मध्ये बापाआधीच गेला, तेव्हा दुसरा मुलगा आंरी याला १०२७ मध्ये. राणी कोंस्तांसला मात्र धाकटा हवा होता. रॉबेर वारल्यावर तिने आंरीविरुद्ध उघड बंड उभे केले. आंरीने गादी राखली आणि धाकट्या भावाची समजूत बर्गंडीची जहागीर देऊन घातली. बर्गंडीची ही शाखा लक्षात ठेवावी, पुढे ती वारंवार भेटणार आहे. याच धाकट्या भावाचा एक नातू नशीब काढायला स्पेनकडे गेला आणि त्याचा मुलगा आफोन्सो पोर्तुगालचा पहिला राजा झाला. १५१० मध्ये आल्बुकर्कने ज्या मानुएल राजाच्या नावाने गोवा जिंकला, तोही पित्याकडून याच ह्यू कापेचा वंशज, मध्ये एक अनौरस कडी असली तरी.

मुलगा असणे, तो बापाच्या हयातीत अभिषिक्त असणे, आणि अडचण आल्यास दुसरा मुलगा हाताशी असणे, एवढ्या तीन गोष्टींवर हे घराणे उभे होते. यातला तिसरा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या बारा राजांपैकी पुष्कळसे थोरले मुलगे नव्हतेच. सातव्या लुईचेच पाहा. त्याला धर्मसेवेसाठी वाढवले जात होते, कारण थोरला फिलिप ११२९ मध्येच अभिषिक्त झालेला. ११३१च्या ऑक्टोबरात हा पंधरा वर्षांचा फिलिप पॅरिसजवळ घोड्यावरून जात असताना एक डुक्कर घोड्याच्या पायात आले. घोडा कोसळला, मुलगा मेला. बारा दिवसांत धाकट्या लुईला मठाच्या शाळेतून काढून रँसला नेण्यात आले आणि खुद्द पोपच्या हातून त्याचा अभिषेक झाला. वंशाला अडवू पाहणारे ते डुक्कर सैतानी होते, असे मठाधिपती स्युजेरने लिहून ठेवले आहे.

याच सातव्या लुईच्या घरात चमत्कार संपायला आला होता. ११३७ मध्ये त्याचे लग्न अ‍ॅक्वितेनच्या एलेनॉरशी झाले. नैर्ऋत्य फ्रान्सचा प्रचंड मुलूख तिच्याबरोबर आला. पंधरा वर्षांत मुली झाल्या दोन, मुलगा नाही. नवराबायकोचे पटतही नव्हते. मार्च ११५२ मध्ये जवळच्या नात्याचे कारण दाखवून धर्मसभेने लग्न रद्द ठरवले आणि दोन महिने व्हायच्या आत एलेनॉरने आंजूच्या हेन्रीशी लग्न केले. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला. एलेनॉरला त्याच्यापासून पाच मुलगे झाले. लुईच्या दुसऱ्या राणीलाही दोन मुलीच झाल्या आणि ११६०च्या ऑक्टोबरात ती गेली. जेमतेम पाच आठवड्यांत लुईने तिसरे लग्न केले. एवढी घाई लोकांना खटकली असणार, पण राजा चाळिशीला आला होता आणि पदरात चार मुली होत्या. दत्तक घेण्याची सोय तिथल्या कायद्यात नव्हती. गादीला औरस रक्तच लागे.

२१ ऑगस्ट ११६५च्या रात्री मुलगा झाला. पॅरिसमध्ये घंटा वाजू लागल्या, दिवे घेऊन लोक रस्त्यावर धावले. वेल्सचा जेराल्ड तेव्हा तिथे विद्यार्थी होता. खिडकीतून त्याने काय झाले म्हणून विचारले, तर दोन म्हाताऱ्यांनी त्याला सुनावले, की तुमच्या राजाला ठेचणारा राजा आज आम्हाला मिळाला. हे जेराल्डने फार पुढे लिहिले आहे, भाकीत खरे ठरल्यावर. तेवढा हिशेब वाचकाने धरावा. मुलाला ‘देवाने दिलेला’ असे टोपणनाव पडले. इतिहासात तो फिलिप ऑग्युस्त म्हणून ओळखला जातो. १२०४ मध्ये त्याने इंग्रजांकडून नॉर्मंडी घेतली, १२१४ मध्ये बुव्हीनच्या लढाईत जर्मन सम्राट आणि फ्लँडर्सच्या काउंटचा एकत्र पराभव केला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याने जे केले नाही ती. त्याने आपल्या मुलाला हयातीत अभिषेक करवला नाही. गरज वाटली नाही. १२२३ मध्ये तो वारला तेव्हा आठवा लुई निर्विघ्न राजा झाला. ह्यूचा वंश सात पिढ्या टिकेल असे एक जुने भाकीत लोकांत फिरत असे. ही आठवी पिढी. पण लुईच्या आईकडून शार्लमेनचे रक्त आले होते, म्हणून जुना वंशच परत आला असे समजून शंकेखोरांचेही समाधान झाले.

इथून पुढे गादी आपोआप चालू लागली. १२२६ मध्ये आठवा लुई वारला तेव्हा मुलगा बारा वर्षांचा. आई ब्लांश परकी, कॅस्टिलची. सरदार उठले, पण तिने राज्य सांभाळून दाखवले. हा मुलगा नववा लुई, पुढे संत म्हणून गौरवलेला. १२७० मध्ये तो ट्युनिसच्या किनाऱ्यावर वारला, तेव्हा मुलगा फिलिप त्याच छावणीत त्याच क्षणी राजा मानला गेला. अभिषेक पुढच्या वर्षी. आधी अभिषेकामुळे मुलगा राजा होई, आता राजाचा मुलगा म्हणूनच त्याला अभिषेक होई. तीनशे वर्षांत एवढे अंतर कापले गेले होते.

१३१४ साली चौथा फिलिप राज्य करत होता. देखणा म्हणून प्रसिद्ध, बोलायला कमी, पैशाच्या बाबतीत निर्दय. पोपशी भांडून झाले होते. टेम्प्लर पंथाच्या लोकांना १३०७ मध्ये एका पहाटेत पकडून त्यांची संपत्ती गोठवून झाली होती. मार्च १३१४ मध्ये त्या पंथाच्या प्रमुखाला, झाक द मोलेला, पॅरिसमध्ये जिवंत जाळले. मरताना त्याने राजवंशाला शाप दिला ही कथा लोकांना फार आवडते. मला ती नंतर सुचलेली वाटते. पुढे जे झाले ते इतके चमत्कारिक होते, की शापाशिवाय त्याची संगती लावणे लोकांना अवघड गेले असावे.

शापाची वाट पाहायची गरज नव्हती. राजवाड्यातच आग होती. राजाला तीन तरणे मुलगे होते: लुई, फिलिप आणि शार्ल. तिघांच्या बायका बर्गंडीकडच्या. लुईची मार्गरीत ही बर्गंडीच्या ड्यूकची मुलगी आणि आईकडून संत लुईची नात. फिलिपची झान आणि शार्लची ब्लांश या सख्ख्या बहिणी, आर्त्वाची काउंटेस माओ हिच्या मुली. राजाची एकुलती एक हयात मुलगी इझाबेल इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला दिलेली. १३१४च्या वसंतात ती माहेरी आलेली असताना प्रकरण फुटले. मार्गरीत आणि ब्लांश यांचे ओने घराण्यातल्या दोन तरुण सरदारांशी, सख्ख्या भावांशी, संबंध असल्याचा आरोप झाला. नणंदेने भावजयांना भेट दिलेल्या पैशाच्या रेशमी पिशव्या त्या दोन सरदारांच्या कमरेला दिसल्या आणि त्यावरून तिनेच बापाच्या कानावर घातले, असे पुढचे बखरकार सांगतात. दोघा भावांनी यातनांखाली कबुली दिली. पोंत्वाझ येथे चारचौघांत त्यांचे हाल हाल करून त्यांना मारण्यात आले. मार्गरीत आणि ब्लांश यांचे केस कापून त्यांना शातो गायार किल्ल्यात कोंडले. झान हिच्यावर माहीत असून लपवल्याचा आरोप होता. तिचा नवरा फिलिप तिच्या बाजूने उभा राहिला आणि ती निर्दोष सुटली.

लुईला मार्गरीतपासून एक मुलगी होती, तिचेही नाव झान, वय दोन-अडीच वर्षे. आईवर आरोप होताच या मुलीचा बाप कोण, अशी कुजबुज सुरू झाली. लुईने तिला शेवटपर्यंत आपली मुलगी मानले, पण कुजबुज थांबली नाही.

२९ नोव्हेंबर १३१४ रोजी चौथा फिलिप वारला. दहावा लुई गादीवर आला. बायको तुरुंगात, पोपची गादी रिकामी, त्यामुळे लग्न रद्द कोण करणार? १३१५ मध्ये मार्गरीत किल्ल्यातच मेली. गळा दाबून मारली असे लोक म्हणत. काही असो, वेळ सोयीची होती. ऑगस्टमध्ये लुईने हंगेरीच्या राजवंशातल्या क्लेमांसशी लग्न केले. पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला व्हँसेन येथे तो चेंडूचा खेळ खेळला. दमून घामाघूम झालेल्या राजाने थंड वाइन प्यायली, आजारी पडला आणि ५ जून १३१६ रोजी मेला. वय २६. राणी गरोदर होती.

३२९ वर्षांत पहिल्यांदाच फ्रान्सचा राजा मुलगा मागे न ठेवता गेला होता. चार वर्षांची झान होती, आणि राणीच्या पोटातले मूल.

मधला भाऊ फिलिप तेव्हा लिऑनला होता. दोन वर्षे पोप निवडू न शकलेल्या कार्डिनलांना तो तिथे समजावत होता. बातमी कळताच त्याने त्यांना एका मठात कोंडले, पोप निवडल्याशिवाय बाहेर पडायचे नाही असे बजावले आणि पॅरिस गाठले. तिथे चुलता व्हालवाचा शार्ल आधीच हातपाय पसरत होता. फिलिपने त्याला बाजूला सारले आणि कारभार हाती घेतला. वय तेविशीच्या आसपास, पण या तीन भावांत डोके याचेच होते.

छोट्या झानच्या बाजूने तिचा मामा होता, बर्गंडीचा ड्यूक ओद. १७ जुलैला त्याच्याशी करार झाला. राणीला मुलगा झाला तर तो राजा, आणि तो मोठा होईपर्यंत फिलिप कारभारी. मुलगी झाली तर दोन्ही बहिणींना वयात आल्यावर नव्हारचे राज्य आणि शँपेनचा मुलूख देऊ करायचा. ते दोन्ही त्यांच्या आजीकडून आलेले, बायकांच्या वारशाने चालत आलेले. त्या बदल्यात त्यांनी बाकीचा हक्क सोडायचा, आणि सोडला नाही तर न्याय होईल. म्हणजे फ्रान्सची गादी मुलीला मिळू शकत नाही असे तेव्हा कोणीही म्हटले नव्हते, फिलिपनेही नाही. तसे असते तर हक्क सोडवून घ्यायचे कारणच काय?

नोव्हेंबरच्या मध्यावर राणी बाळंत झाली. मुलगा. झां, फ्रान्स आणि नव्हारचा राजा, श्वास घेतल्या क्षणापासून. पाच दिवसांनी तो गेला. सँ-दनीच्या मठात बापाच्या पायाशी त्याला पुरले. फिलिपच्या सासूने, माओने, बाळाला विष दिले असे लोक बोलू लागले. तिच्यावर दहाव्या लुईवर विषप्रयोग केल्याचा आरोपही आला आणि पुढच्या वर्षी चौकशीत ती सुटली. नवजात बाळ मरायला तेव्हा विषाची गरज नसे, पण अफवेला ते कोण सांगणार? चाळीस वर्षांनी सिएनाचा एक व्यापारी, जानीनो, आपणच तो बदललेला बाळराजा असल्याचे सांगत युरोपभर फिरला आणि शेवटी नेपल्सच्या कैदेत मेला.

जुलैच्या करारात ही वेळ येईल असे कोणी धरलेले दिसत नाही. फिलिप थांबला नाही. चर्चा झाली असती तर पुतणीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले असते. ९ जानेवारी १३१७ रोजी रँसला त्याचा अभिषेक झाला, तो शहराच्या वेशी बंद करून आणि पहारे बसवून. सख्खा धाकटा भाऊ शार्ल त्या दिवशी सकाळीच शहर सोडून निघून गेला. बर्गंडीचा ड्यूक आलाच नाही. झानची आजी, संत लुईची मुलगी आन्येस, हिने निरोप धाडला, की राज्याच्या मानकरी सरदारांची सभा भरवून माझ्या नातीच्या हक्काचा निवाडा होईपर्यंत अभिषेक थांबवा. कोणी ऐकले नाही. या समारंभातला एक तपशील मला राहून राहून आठवतो. त्या मानकरी सरदारांतली एक जागा आर्त्वाची होती आणि आर्त्वाची धनीण माओ. त्या नात्याने तिने बाकीच्यांबरोबर जावयाच्या डोक्यावरचा मुकुट हाताने धरला. मुलीला गादीपासून दूर ठेवण्यासाठी घाईने उरकलेल्या अभिषेकात मुकुट धरणाऱ्यांत एक बाई होती, तीही स्वतःच्या हक्काने आलेली.

पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये सरदार, धर्माधिकारी, शहरातले प्रतिष्ठित नागरिक आणि विद्यापीठाचे पंडित यांची सभा भरली. स्त्रीला फ्रान्सच्या गादीचा वारसा नाही, असे तिने जाहीर केले. कारण दिले नाही, जुना कायदा दाखवला नाही. दाखवण्यासारखा तो नव्हताच. राजाला अभिषेक होऊन गेला होता आणि सभेने त्याला मान डोलावली. तरीही एकदा बोललेला शब्द हवेत विरत नाही.

त्याच फेब्रुवारीत फिलिपचा तान्हा मुलगा वारला. ज्याच्यासाठी नियम केला तोच गेला. उरल्या मुली. आता नवा नियम तसाच राहिला तर फिलिपनंतर गादी कोणाची? अभिषेकाच्या सकाळी रागावून निघून गेलेल्या शार्लची. शार्लचा राग एकाएकी निवळला आणि तो थोरल्या भावाच्या बाजूला येऊन बसला. मामा ओदचीही समजूत १३१८ मध्ये निघाली. फिलिपने आपली थोरली मुलगी त्याला दिली, तिच्याबरोबर आर्त्वा आणि बर्गंडीची काउंटी मिळण्याची आशा. भाचीचा हक्क मागता मागता मामा राजाचा जावई झाला. भाचीचे लग्न एव्रूच्या फिलिपशी ठरवून दिले गेले.

३ जानेवारी १३२२ रोजी पाचवा फिलिप वारला. मागे चार मुली. पुतणीविरुद्ध वापरलेली गोष्ट आता त्याच्या स्वतःच्या मुलींना लागू झाली. शार्ल गादीवर बसला तेव्हा वादही झाला नाही. पाच वर्षांपूर्वी सक्तीने घडवलेली गोष्ट आता जणू परंपराच होती.

चौथ्या शार्लपुढे काम एकच: मुलगा. ब्लांश अजून कैदेतच होती. तिची आई माओ ही शार्लची धर्ममाता होती, म्हणजे धर्माच्या दृष्टीने नवराबायको बहीणभाऊ, असा शोध लागला आणि पोपने ते लग्न रद्द केले. दुसरी राणी लक्झेंबर्गची मारी. १३२४ मध्ये गरोदर असताना प्रवासात गाडीचा अपघात झाला. अकाली जन्मलेला मुलगाही गेला आणि तीही. तिसरी राणी चुलतबहीण, एव्रूची झान. तिला मुलीच झाल्या. १ फेब्रुवारी १३२८ रोजी शार्ल वारला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. पुन्हा तोच पेच, पुन्हा देश एका बाळंतिणीकडे डोळे लावून बसला. १ एप्रिलला मुलगी झाली आणि ह्यू कापेची थेट शाखा संपली. चौथा फिलिप तीन जवान मुलगे सोडून गेला होता, त्याला चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती.

गादी गेली चुलतभावाकडे, व्हालवाच्या फिलिपकडे. १३१६ मध्ये हातपाय पसरणाऱ्या शार्लचा हा मुलगा. तो शार्ल राजाचा मुलगा, राजाचा भाऊ, तीन राजांचा चुलता होता. राजाचा बापही झाला, पण ते पाहायला उरला नव्हता. २९ मे १३२८ रोजी सहाव्या फिलिपचा रँसला अभिषेक झाला.

दुसरा दावेदार इंग्लंडमध्ये होता. इझाबेलचा मुलगा तिसरा एडवर्ड, पंधरा वर्षांचा. तो चौथ्या शार्लचा सख्खा भाचा, तर सहावा फिलिप चुलतभाऊ. बाईला मुकुट घालता येत नसेल, पण तिच्यामार्फत मुलाला हक्क मिळू शकतो, असा इंग्रजांचा युक्तिवाद. बाईकडे जे नाही ते ती देणार कोठून, हे फ्रेंचांचे उत्तर. खरे कारण साधे असावे. फिलिप पस्तिशीचा, फ्रान्समध्ये वाढलेला आणि कारभार आधीच हातात असलेला होता. एडवर्ड परक्या मुलखातला पोरगा आणि त्याची आई नवऱ्याला पदच्युत करून प्रियकराच्या सल्ल्याने राज्य चालवणारी. शिवाय इंग्रजांचा युक्तिवाद नीट ताणला तर एडवर्डलाच अडचणीचा होता. मुलीमार्फत हक्क जात असेल तर पाचव्या फिलिपच्या मुलीला, म्हणजे ओदच्या बायकोला, १३२३ मध्ये मुलगा झालेला होता. तो एडवर्डच्या आधी येई.

१३२९ मध्ये एडवर्डने आमियां येथे येऊन आपल्या फ्रान्समधल्या जहागिरीसाठी फिलिपपुढे गुडघे टेकले. प्रकरण मिटले असे वाटले. पण १३३७ मध्ये फिलिपने ती जहागीर, नैर्ऋत्येचे गिएन, जप्त केली. एलेनॉरने ११५२ मध्ये दुसऱ्या घरात नेलेल्या मुलखातले ते उरलेसुरले. युद्ध पेटले आणि जानेवारी १३४० मध्ये एडवर्डने गेंट येथे स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतले. गादीच्या वादातून युद्ध झाले असे शाळेत शिकतो, पण मला क्रम उलटा दिसतो. भांडण जमिनीचे होते. दावा हाताशी होता म्हणून वापरला गेला. मात्र वापरल्यावर तो सोडता येईना. क्रेसी, प्वातिए, अजँकूर अशा लढाया करत ते युद्ध १४५३पर्यंत चालले. इंग्लंडच्या राजांनी ‘फ्रान्सचा राजा’ हे बिरूद १८०१ साली सोडले, तेव्हा फ्रान्समध्ये राजा उरलाही नव्हता.

या सगळ्यात ‘सालिक कायदा’ कोठे आहे? १३१६, १३१७, १३२२, १३२८ या कोणत्याच प्रसंगी निर्णय त्याच्यावर उभा नव्हता. सहाव्या शतकातल्या सालियन फ्रँक टोळीच्या नियमांत जमिनीच्या वारशाबद्दल एक कलम होते, त्यात गादीचा उल्लेखही नाही. १३५८च्या सुमारास सँ-दनीच्या रिशार लेस्को नावाच्या साधूला मठाच्या ग्रंथालयात ते सापडले. पंधराव्या शतकात राजाच्या बाजूच्या लेखकांनी त्याला राज्याचा सनातन पाया करून टाकले. शेक्सपियरच्या ‘पाचवा हेन्री’मध्ये आर्चबिशप याच कायद्यावर लांबलचक भाषण करतो, त्यावरून तो किती प्रतिष्ठित झाला होता हे कळते. निर्णय आधी आणि कायदा नंतर, असे इतिहासात अनेकदा होते. इथे मधले अंतर चाळीस वर्षांचे आहे आणि तारखा स्पष्ट आहेत, एवढेच वेगळे.

पाच दिवसांच्या राजाची सावत्र बहीण झान मात्र रिकाम्या हाताने राहिली नाही. नव्हारमध्ये बाईला गादी चालत असे. तिची आजी तिथली राणीच होती. १३२८ मध्ये नव्हारच्या लोकांनी झानला बोलावले आणि मार्च १३२९ मध्ये पांप्लोना येथे तिचा नवऱ्याबरोबर राज्याभिषेक झाला. १३३२ मध्ये तिला मुलगा झाला, शार्ल. फ्रेंच इतिहास त्याला ‘दुष्ट शार्ल’ म्हणून ओळखतो. आपल्या आईचा हक्क बुडवला हे तो विसरला नाही आणि युद्धात कधी इंग्रजांकडे तर कधी स्वतःकडे झुकत त्याने व्हालवा राजांना आयुष्यभर छळले. एडवर्डचा दावा खरा मानला तर याचा दावा त्याच्याहून सरस होता आणि हे त्याला चांगले ठाऊक होते.

व्हालवा घराणे १५८९ मध्ये निर्वंश झाले. पुरुषवंशाचा नियम धरून मागे जात जात वारस सापडला तो संत लुईच्या सर्वांत धाकट्या मुलाच्या शाखेतला, बूरबों घराण्याचा आंरी. तीनशे वर्षांमागे जाऊन लावलेले ते नाते होते. हा आंरी आधीच नव्हारचा राजा होता. ते राज्य त्याला आईकडून मिळाले होते आणि आईला पिढ्यान्‌पिढ्या, अधूनमधून मुलींच्या हातून, १३१६ मध्ये बाजूला सारलेल्या झानपासून. फ्रान्सची गादी मात्र त्याने बापाच्या नात्याने घेतली, आईच्या बाजूचे ते रक्त तिथे मोजलेच गेले नाही. रँस शत्रूच्या ताब्यात असल्यामुळे १५९४ मध्ये त्याचा अभिषेक शार्त्रला झाला आणि त्यानंतर त्याच्या वंशातले राजे पुन्हा स्वतःला ‘फ्रान्स आणि नव्हारचा राजा’ म्हणवून घेऊ लागले.